रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पोटातला रक्तस्राव आणि लुळी पडलेली मांडी

जांभूळपाखरू

रुग्ण : सासूबाई, वय ६२, वजन ५४ किलो. ऱ्हुमॅटिक तापामुळे मायट्रल झडप खराब झाली होती, तिच्या जागी धातूची झडप बसवलेली आहे. ॲसिट्रॉम (रक्त पातळ करणारी गोळी) चालू, एक दिवस २ मिग्रॅ आणि एक दिवस ३ मिग्रॅ. डाव्या जांघेत एकाएकी जोराची कळ आली, मग मांडीच्या पुढच्या भागात आग आणि दुसऱ्या दिवसापासून उभं राहिलं की गुडघा मोडायला लागला. आधी गुडघ्याचा एक्स-रे झाला, मग कंबरेचा एमआरआय. त्यात वयानुसार झीज, बाकी काही नाही. त्यानंतर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आकडा) पाहिला तर ७.४. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये 'डाव्या इलियाकस स्नायूत हिमाटोमा, ९ × ७ × ६ सेंमी' असं आलं, म्हणजे नितंबाच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या स्नायूत साठलेल्या रक्ताचा गोळा. हिमोग्लोबिन ११.८ वरून ७.९ वर.

व्हिटॅमिन के (१० मिग्रॅ, सलाईनमधून), चार पिशव्या प्लाझ्मा आणि दोन पिशव्या रक्त दिल्यावर आयएनआर १.४ वर आला. कळ पुष्कळ कमी आहे. पण निजलेल्या अवस्थेत गुडघा ताठ करता येत नाही. मांडीची पुढची बाजू आणि नडगीची आतली बाजू बधिर आहे.

एक डॉक्टर म्हणतात रक्त आपोआप जिरेल, थांबा. दुसरे म्हणतात नस मोकळी करायला हवी. घरात दोन तट पडलेत. पोटातल्या रक्ताने मांडीची नस कशी मरते, ऑपरेशन कधी करतात, पाय परत येतो का, आणि झडप असताना गोळी किती दिवस बंद ठेवता येते, हे कुणी नीट सांगेल का?

तंतुवाद्य

गुडघा मोडतो पण गुडघ्यात दोष नाही, मणक्यात दोष नाही, आणि रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे. एवढं जुळलं की पोटाचा सीटी होईपर्यंत दुसरं निदान करायचंच नाही. कंबरेचा एमआरआय मणक्यासाठी काढतात, तेव्हा इलियाकस चित्राच्या चौकटीबाहेर तरी राहतो किंवा कडेला असतो नि तिकडे कुणी बघत नाही. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

आता रचना. मांडीची मुख्य नस, म्हणजे फिमोरल नर्व्ह, कंबरेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुळांतून तयार होते. सोआस या मणक्यापासून मांडीकडे उतरणाऱ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेने ती निघते आणि सोआस नि इलियाकस या दोन स्नायूंमधल्या घळीतून जांघेकडे उतरते. या घळीवर इलियाक फॅशिया नावाचं चिवट आवरण असतं. ते ताणलं जात नाही. इलियाकसमध्ये रक्त साठलं की गच्च शिवलेल्या उशीत आणखी कापूस कोंबावा तसं होतं : जागा तेवढीच, दाब वाढत जातो. नर्व्हला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या आधी दबतात, मग नर्व्हचं वहन बंद पडतं आणि दाब तसाच राहिला तर आतले तंतू मरतात. म्हणून रक्त किती सांडलं यापेक्षा कुठे सांडलं याला महत्त्व. पोटाच्या मागच्या सैल चरबीत लिटरभर रक्त गेलं तर रुग्णाचा रक्तदाब कोसळेल, पण नर्व्ह वाचू शकेल. इलियाकसमध्ये मात्र पेलाभर रक्तही पाय लुळा करायला पुरतं.

एक हिशेब करून बघा. ९ × ७ × ६ चा गोळा म्हणजे तिन्ही मापांचा गुणाकार गुणिले ०.५२, साधारण २०० मिली. तेवढ्याने हिमोग्लोबिन जवळजवळ चारने उतरत नाही. सलाईनमुळे थोडं पातळ झालेलं दिसतं हे धरलं तरी हिशेब लागत नाही. सीटीच्या रिपोर्टात सोआसमध्ये किंवा मूत्रपिंडाच्या मागे पसरलेलं रक्त लिहिलं आहे का ते विचारा. नसेल तर काळी शी होते का, पोटातून दुसरीकडे रक्त जातंय का, हे पाहायला हवं.

पाय तपासताना डॉक्टरांनी (किंवा फिजिओने) एवढं कागदावर लिहून ठेवायला हवं, तारीख-वेळेसकट. गुडघा ताठ करण्याची ताकद ० ते ५ मध्ये किती (० म्हणजे हालचालच नाही, ३ म्हणजे पायाचं वजन उचलता येतं, ५ म्हणजे पूर्ण). मांडी पोटाकडे उचलण्याची ताकद किती. मांड्या एकमेकींकडे दाबण्याची ताकद किती. पाऊल वर खेचण्याची किती. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर झटका येतो का. आणि बधिरपणाची सीमा स्केचपेनने कातडीवर आखून. नुसती फिमोरल दबली असेल तर मांड्या एकमेकींकडे दाबता येतात आणि पाऊलही वर येतं. मांडी आत दाबता येत नसेल तर मांडी आत ओढणारी ऑब्ट्युरेटर नर्व्हही दाबात सापडली आहे, म्हणजे रक्त सोआसमध्येही आहे. पाऊल पडत असेल तर दोष आणखी वरच्या जाळ्यात किंवा वेगळ्याच जागी. मांडीची बाहेरची बाजू बधिर असेल तर त्यात विशेष काही नाही, तिची कातडीची नस त्याच इलियाकसवरून जाते.

हा तक्ता कशासाठी, तर ऑपरेशनचा निर्णय त्याच्यावर ठरतो. खरं सांगायचं तर थांबणं चांगलं की उघडणं, याच्या मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्याच नाहीत. लहान-लहान रुग्णमालिका आहेत आणि त्यात दोन्ही प्रकारे बरे झालेले लोक आहेत. त्यामुळे तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. माझा कल असा : ताकद ३ किंवा जास्त असेल, किंवा तपासणीगणिक सुधारत असेल, तर थांबावं. आयएनआर दुरुस्त झाल्यावरही ताकद उतरत असेल, किंवा सुरुवातीपासून ० ते १ असून गोळा मोठा असेल, तर दाब लवकर काढावा. लवकर म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत. तंतू मेल्यावर जागा मोकळी करून हाती फार लागत नाही. ताकद शून्यावर येऊन आठवडा उलटला असेल, तर निव्वळ नर्व्हसाठी पोट उघडण्याचा आग्रह मी धरणार नाही.

सुईने काढून टाका असं कुणी सांगेल. गोठलेलं रक्त बारीक नळीतून येत नाही. पातळ भाग येतो, गुठळी तिथेच राहते. शिवाय आतला दाबच रक्तस्राव थांबवून धरत असतो, तो सुटला की पुन्हा वाहू शकतं. उघडायचंच असेल तर आयएनआर १.५ च्या खाली आणून, आवरण कापून, गुठळी हाताने काढून आणि निचऱ्याची नळी ठेवून.

काळापांढरा

सीटीबद्दल थोडं. तो रंगद्रव्य देऊन केला की साधा? क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) ठीक असेल तर रंगद्रव्यासह, धमनीच्या टप्प्यातला हवा. गोळ्याच्या आत रंगद्रव्य सांडताना दिसलं तर रक्तस्राव चालू आहे असा अर्थ. साध्या सीटीतही एक खूण दिसते : गोळ्याच्या आत वर काळसर आणि खाली पांढरट अशी आडवी सरळ रेषा. पेशी खाली बसल्या, द्रव वर राहिला, कारण रक्त गोठतच नाहीये. ही रेषा दिसली की आयएनआरचा रिपोर्ट यायच्या आधीच गोळीचं नाव विचारायचं.

सोनोग्राफी 'नॉर्मल' आली म्हणून निश्चिंत राहू नका. आतड्यातल्या हवेमागे आणि नितंबाच्या हाडाला चिकटलेला इलियाकस तिच्यात सहज चुकतो. एकदा गोळा सापडल्यावर तो वाढतो की घटतो हे बघायला मात्र सोनोग्राफी ठीक आहे, तेवढ्यासाठी रोज सीटी नको.

रक्त थांबतच नसेल, म्हणजे गोठणं दुरुस्त होऊनही पिशव्या चढवाव्या लागत असतील, तर जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर नेऊन फुटलेली धमनी बंद करता येते. बहुतेक वेळा ती लंबर धमनी किंवा इलिओलंबर धमनी असते. याने वाहणं थांबतं, नर्व्हवरचा दाब उतरत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि नातेवाइकांना ती एकच वाटतात.

लालपेशी

जांभूळपाखरू, आयएनआर ७.४ पर्यंत गेला कशामुळे हे कुणी विचारलं का? ते कळल्याशिवाय गोळी पुन्हा सुरू केली तर पुन्हा तिथेच याल. मागच्या दोन आठवड्यांत जे जे घेतलं ते सगळं लिहा. गोळ्या, इंजेक्शनं, मलम, काढे, तोंडाला लावायची औषधंसुद्धा.

जांभूळपाखरू

सीटी रंगद्रव्याचा होता, सांडणं दिसलं नाही असं लिहिलंय. सोआसच्या खालच्या भागात आणि मागच्या चरबीत रक्त पसरल्याचं रिपोर्टाच्या दुसऱ्या पानावर आहे, ते आमच्या नजरेतून सुटलं होतं. गुडघ्याची ताकद आज २ सांगितली, आधी १ होती. मांड्या एकमेकींकडे दाबता येतात, पाऊलही वर येतं.

औषधं : खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन ५ दिवस. ताप आणि अंगदुखीला ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल. तोंड आलं होतं म्हणून जेल, नळीवर मायकोनॅझोल लिहिलंय. कळ आल्यावर घराजवळ डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन कंबरेत, डाव्याच बाजूला. जेवण आठवडाभर पेजेवरच होतं.

आणखी एक : हल्ली आयएनआर न तपासता घ्यायच्या नव्या गोळ्या आल्या आहेत. त्या का देत नाहीत?

लालपेशी

सापडलं. मायकोनॅझोलची जेल. तोंडाला लावायची म्हणून तिला कुणी औषधात धरत नाही, पण ती गिळली जाते, पोटातून शोषली जाते आणि ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन (त्याच जातीची दुसरी गोळी) शरीरातून निघण्याचा मार्ग अडवते. आयएनआर काही दिवसांत दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. ॲझिथ्रोमायसिनने त्यात भर घातली असेल. आठवडाभर पेज म्हणजे पोटात व्हिटॅमिन के जवळजवळ नाहीच. तिन्ही एका आठवड्यात. ॲसिक्लोफेनॅकचा गुन्हा वेगळा, त्याने आयएनआर फारसा हलत नसला तरी प्लेटलेट चिकटत नाहीत आणि जठराचं अस्तर सोलतं. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं, पण तेही दिवसाला २ ग्रॅमच्या वर काही दिवस सलग गेलं की आयएनआर चढवतं.

पुढे तोंडाला बुरशी झाली तर निस्टॅटिन चालतं. फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमॉक्सॅझोल, अमिओडॅरोन ही नावं फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. यातलं एखादं टाळताच येत नसेल तर सुरू केल्यापासून ३ ते ५ दिवसांत आयएनआर, आणि औषध बंद केल्यावर पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळचा सगळे विसरतात. मग वाढलेला आयएनआर बघून कमी केलेली मात्रा तशीच राहते आणि झडपेवर गुठळी बसते.

कंबरेतलं इंजेक्शन : रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या माणसाला स्नायूत इंजेक्शन द्यायचंच नाही. कुल्ल्याच्या स्नायूत रक्त साठून सायटिक नर्व्ह दबते, मग पाऊल पडतं. तुमच्याकडे पाऊल वर येतंय, म्हणजे ती वाचली. व्हिटॅमिन केसुद्धा याच कारणाने स्नायूत देत नाहीत. ५ ते १० मिग्रॅ ५० मिली सलाईनमध्ये, २० ते ३० मिनिटं लावून. झरझर सोडलं तर रक्तदाब कोसळवणारी तीव्र ॲलर्जी येऊ शकते.

उलट फिरवण्याच्या औषधांबद्दल, पुढे कुणाला लागलं तर. व्हिटॅमिन केचा परिणाम ४ ते ६ तासांनी दिसू लागतो, पुरा व्हायला बारा ते चोवीस तास जातात. तोवरची खिंड प्लाझ्माने किंवा पीसीसीने लढवायची. प्लाझ्मा किलोला १० ते १५ मिली. सासूबाईंच्या वजनाला चार पिशव्या म्हणजे सुमारे ८०० मिली, हिशेब बरोबर आहे. पण ते फ्रीजरमधून काढून वितळायला अर्धा तास आणि चढवायला काही तास, आणि मायट्रल झडपेच्या रुग्णाच्या फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका. पीसीसी म्हणजे तेच गोठवणारे घटक सुकवून छोट्या बाटलीत भरलेले. आयएनआर २ ते ४ असेल तर किलोला २५ युनिट, ४ ते ६ ला ३५, ६ च्या वर ५०. पाव ते अर्ध्या तासात आयएनआर खाली येतो. महाग आहे आणि प्रत्येक गावात मिळत नाही. त्याच्यासोबत व्हिटॅमिन के द्यावंच लागतं, कारण पीसीसीतला सातवा घटक सहा तासांत निम्मा होतो आणि मग आयएनआर पुन्हा डोकं वर काढतो.

हेपरीनवर (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) रक्तस्राव झाला तर त्याचा उतारा प्रोटामिन, मागच्या दोन-तीन तासांत गेलेल्या हेपरीनच्या दर १०० युनिटला १ मिग्रॅ. पोटाच्या कातडीत टोचतात त्या एनॉक्सापॅरिनवर (हेपरीनचाच एक प्रकार) प्रोटामिन अर्धवटच चालतं. किडनी मंदावलेल्या वृद्धांत एनॉक्सापॅरिन साठत जातं, त्यामुळे क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती गाळते याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर मात्रा दिवसातून एकदाच. कोविडच्या काळात पूर्ण मात्रेत हेपरीन घेणाऱ्यांमध्ये सोआस-इलियाकसचे रक्तस्राव जगभरातून नोंदले गेले.

नव्या गोळ्या : धातूच्या झडपेला नाहीत, यात वाटाघाट नाही. त्यातलं डॅबिगॅट्रान धातूच्या झडपेवर तपासून पाहिलं गेलं ते री-अलाइन चाचणीत. तिचे निकाल २०१३ मध्ये आले : गुठळ्याही जास्त, रक्तस्रावही जास्त, चाचणी मध्येच थांबवावी लागली. एपिक्सॅबॅनची चाचणीही गुठळ्या जास्त झाल्याने मध्येच थांबवावी लागली. ऱ्हुमॅटिक झडप आणि अनियमित ठोके असलेल्यांमध्ये रिव्हारोक्सॅबॅन २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत जुन्या गोळ्यांपुढे हरलं. भारतातून या चाचणीत बरेच रुग्ण होते, त्यामुळे ती आपल्यासाठी परकी नाही. शेजारच्या काकांना एपिक्सॅबॅन चालतं कारण त्यांना झडप बसवलेली नसते. आणि ज्यांना त्या गोळ्या चालू आहेत त्यांनाही असाच हिमाटोमा होऊ शकतो, फक्त आयएनआर नॉर्मल दिसतो म्हणून फसायला होतं. तिथे शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि क्रिएटिनिन किती, हे विचारायचं. डॅबिगॅट्रानला उतारा इडारुसिझुमॅब, ५ ग्रॅम. रिव्हारोक्सॅबॅन-एपिक्सॅबॅनला आपल्याकडे बहुधा पीसीसीच वापरतात.

जांभूळपाखरू

मग ॲसिट्रॉम किती दिवस बंद चालेल? आयएनआर १.४ आहे, आणि घरात सगळ्यांना आता गोळीचीच भीती वाटतेय.

लालपेशी

भीती दोन्हीकडची धरा. मायट्रल जागेवरच्या धातूच्या झडपेवर १.४ म्हणजे संरक्षण नाही. गोळी कायमची बंद हा पर्याय नाहीच. ठरलेला एकच आकडा कुणी देऊ शकत नाही, पण बहुतेक ठिकाणी रक्तस्राव थांबल्यापासून सुमारे एक ते दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात, मायट्रलला अलीकडच्या टोकाला. अटी अशा : सलग दोन-तीन दिवस रक्त न चढवता हिमोग्लोबिन टिकलेलं, सोनोग्राफीत गोळा वाढलेला नाही, पायाची ताकद उतरलेली नाही.

सुरुवात इस्पितळातच, साध्या हेपरीनच्या ड्रिपने. सुरुवातीचा मोठा डोस न देता, एपीटीटी (हेपरीनचा असर मोजणारी तपासणी) खालच्या टोकाला ठेवून, दर सहा तासांनी तपासत. साधंच हेपरीन का, तर ड्रिप बंद केली की तास-दीड तासात असर निम्मा होतो आणि प्रोटामिनने लगेच मारता येतं. ड्रिपवर असताना जांघेत पुन्हा कळ आली किंवा गुडघ्याची ताकद एका अंकाने उतरली, तर आधी ड्रिप बंद, मग हिमोग्लोबिन, मग डॉक्टरांना फोन. याच क्रमाने. सिस्टरना हे लिहूनच द्यायला सांगा.

ड्रिप सुरळीत चालली की ॲसिट्रॉम. व्हिटॅमिन के १० मिग्रॅ गेलंय, त्यामुळे आठवडाभर गोळीला दाद मिळणार नाही. आयएनआर हलत नाही म्हणून मात्रा वाढवत नेली की व्हिटॅमिन संपताच तो एकदम उडी मारतो. तेव्हा जुनीच मात्रा, संयम आणि एक दिवसाआड आयएनआर. मायट्रलला लक्ष्य साधारण २.५ ते ३.५ असतं, तुमच्या डॉक्टरांकडून तुमचा आकडा लिहून घ्या. आणि २ नि ३ ची आलटापालट शक्य असेल तर सोडा. ॲसिट्रॉमचा असर वॉरफरिनपेक्षा बराच लवकर उतरतो, त्यामुळे रोज वेगळी मात्रा म्हणजे आयएनआरचं हेलकावणं, शिवाय आज कोणती घ्यायची हा घोळ. रोज एकच मात्रा बसवून मागा.

गोळी बंद आहे तोवर घरच्यांनी एक गोष्ट ऐकायची : झडपेची टिकटिक. ती मंद झाली किंवा ऐकू येईनाशी झाली, धाप लागली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही.

पावलोपावली

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. १ वरून २ ही बातमी चांगली आहे ताई. इतक्या लवकर ताकद परत येऊ लागली म्हणजे निदान काही तंतू मेलेले नाहीत, फक्त वहन बंद पडलं होतं. तेवढा भाग काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत परततो. जे तंतू तुटले ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या चालीने वाढतात, महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर. इलियाकसपासून मांडीच्या स्नायूंपर्यंत १५ ते २५ सेंटिमीटरचं अंतर धरा, म्हणजे सहा ते नऊ महिने. नडगीच्या आतल्या बाजूचा बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधीकधी थोडा राहतो. त्याने चालायला अडत नाही.

ईएमजी (स्नायू-नसांची विजेची तपासणी) लगेच करू नका, पैसे वाया जातात. सुईच्या तपासणीत मेलेल्या तंतूंच्या खुणा दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. तीन आठवड्यांनी एकदा, आणि सुधारणा अडली तरच तीन महिन्यांनी पुन्हा. करणाऱ्याला झडप आणि त्या दिवशीचा आयएनआर आधी सांगा, म्हणजे तो खोल स्नायूंत सुई घालणार नाही.

आता कामाचं. कळ असताना रुग्ण मांडी पोटाशी घेऊन पडतो, गुडघ्याखाली उशी लागते. पहिले काही दिवस द्या. पण कळ ओसरली की उशी काढायची, नाहीतर जांघ आखडते आणि पुढे सरळ उभंच राहता येत नाही. दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटं पाठीवर सपाट, उशीशिवाय. पालथं निजवायला घाई नको, डॉक्टरांनी गोळा स्थिर आहे म्हटल्यावर.

ताकद ३ होईपर्यंत गुडघा ताठ धरणारा लांब पट्टा, आतून पट्ट्या असलेला, बांधल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. औषधांच्या दुकानात मिळणारा कापडी मोजा उपयोगाचा नाही, त्याने गुडघा मोडायचा थांबत नाही. ॲसिट्रॉमवर असताना पडणं म्हणजे डोक्यात रक्तस्राव, म्हणून यात कंजुषी करू नका. आधी वॉकर. नंतर काठी, ती चांगल्या बाजूच्या हातात, म्हणजे सासूबाईंच्या उजव्या. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. चालताना सासूबाई डाव्या हाताने मांडी मागे दाबतील. ओरडू नका, गुडघा ताठ ठेवायची ती शरीराची स्वतःची युक्ती आहे, पोलिओ झालेली माणसं जन्मभर तसं चालली आहेत.

व्यायाम : गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, तो गुडघ्याने खाली दाबायचा, मनात पाच मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. दहा-दहाचे तीन फेरे. स्नायू हलताना दिसला नाही तरी करायचं. मग कुशीवर निजून, पाय कुणीतरी हातावर पेलून, गुडघा वाकवणं-ताठ करणं, म्हणजे वजन उचलावं लागत नाही. खुर्चीवर बसून पाय वर करणं ताकद ३ झाल्यावर. पायाला वाळूची पिशवी बांधायची घाई नको, आणि जांघेवर जोर देऊन ताणायचं तर मुळीच नाही, तिथेच रक्तस्राव झालाय.

मालिश बंद. तेल लावून रगडणारे घरोघरी असतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. गरम पाण्याची पिशवीही बंद : बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड येतो तेव्हाच लक्षात येतं. शेकाने आतला रक्तपुरवठा वाढतो तो वेगळाच. 'करंट लावणे' हा प्रकार बरेच ठिकाणी देतात, त्याने तंतू लवकर उगवतात असा भक्कम पुरावा नाही. परवडत असेल आणि आयएनआर नीट असेल तर चालेल, पण टॉवेल दाबायच्या ऐवजी नाही.

आगीसाठी गाबापेंटिन किंवा प्रेगाबालिन देतात. दोन्ही किडनीवाटे जातात, क्रिएटिनिन बघून कमीपासून सुरुवात आणि रात्रीची मात्रा आधी. त्यांनी झापड येते, आणि झापडीत उठून बाथरूमला जाताना पडतात. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा.

तंतुवाद्य

पावलोपावलींशी सहमत. एका वेगळ्या जागेबद्दल लिहून ठेवतो, कारण हा धागा शोधत येणाऱ्यांपैकी कुणाला ते लागेल. याच गोळ्यांवर पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर रक्त साठू शकतं. पाठीत सुरी खुपसल्यासारखी कळ, मग काही तासांत दोन्ही पाय जड, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी तुंबणं. तिथे थांबून बघण्याचा पर्याय नाही. तातडीचा एमआरआय आणि बारा तासांच्या आत, जमल्यास त्याहून लवकर, दाब काढणं. मणक्यातली सुई, एपिड्युरल भूल, कंबरेतून पाणी काढणं, यांच्या आधी गोळी कधी थांबवली याची वेळ लिहून दाखवावीच.

मनगटातून रक्त घेतल्यावर किंवा अँजिओग्राफीनंतर पहिली तीन बोटं बधिर आणि मनगट टणक झालं, तर तो कार्पल टनेलमधला रक्तस्राव, हात वर ठेवून त्याच दिवशी दाखवायचं. पोटरी दगडासारखी घट्ट आणि बोटं वर खेचली की असह्य कळ, हेही त्याच दिवशी.

जांभूळपाखरू

सगळ्यांचे आभार. उद्या राउंडला दोन्ही डॉक्टर एकत्र येणार आहेत, ताकदीचा तक्ता आणि औषधांची यादी घेऊन बसतो. एक शंका राहिली : गोळी परत सुरू झाल्यावर पालेभाज्या बंद करायच्या का? इथल्या एकांनी तसं सांगितलंय.

लालपेशी

बंद नाही. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर जेवढी आधी खात होत्या तेवढीच, दर आठवड्याला साधारण सारखी. आयएनआर बिघडतो तो आठवडाभर पेज आणि मग श्रावणात रोज पालेभाजी, अशा चढउताराने. बंद केली तर शरीरात साठा राहत नाही आणि किरकोळ ताप-जुलाबातही आयएनआर उसळतो. काढे, हळदीच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या मात्र नको. फोडणीतली हळद-लसूण चालते.